पोरगी पुढे, आई मागे

दहावीचा निकाल लागला की नागपुरातल्या मध्यमवर्गीय घरात एक अ‍ॅक्टिव्हा येते. लायसन्सचं वय झालेलं नसतं. पण घर मनीषनगरात, क्लास धरमपेठेत आणि आई-बाबा दोघंही ऑफिसात, तेव्हा चावी पोराच्या हातात पडते. ‘हळू चालव’ एवढं बजावलं की झालं. मूल मोठं झाल्याची आपल्याकडची खूण आज हीच उरली आहे. त्या चावीसोबत कुणी काही शिकवत नाही, कुणी काही सोपवत नाही. आपली ने-आण वाचते म्हणून आपण ती देतो.

माझं म्हणणं असं आहे : बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आईनं नाहीतर बापानं एकदा जंगलात पायी न्यावं. दिवसभर चालावं, जमलं तर रात्र तिकडच्या गावात काढावी, आणि वाटेत एका ठिकाणी पुढारपण पोराच्या हाती देऊन स्वतः मागे व्हावं. घराघरात हा एक संस्कार म्हणून रुजावा, आणि ‘टायगर कॅपिटल’ म्हणून मिरवणाऱ्या या शहरात त्यासाठी पायवाटा खुल्या असाव्यात. आज त्या जवळपास नाहीत.

जुने संस्कार काय करत होते ते आधी पाहू. मुंजीत मातृभोजन असतं. बटू आईसोबत बसून तिच्या ताटात शेवटचा घास खातो, मग भिक्षेला निघतो, मग गुरूच्या घरी जायचा. म्हणजे कल्पना तरी तशी होती. आता मंगल कार्यालयात सकाळी मुंज लागते, दुपारी पंगत उठते, संध्याकाळी भिक्षावळीची मिरवणूक निघते आणि रात्री तोच बटू सोफ्यावर पाय पसरून आईला पाणी मागतो. शिवाय हा संस्कार मुलग्यांचा, आणि मोजक्या जातींचा. मुलीसाठी होतं न्हाण. तिला मखरात बसवायचं, ओटी भरायची, गोडधोड करायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या फिरण्यावर पहारा बसवायचा. मुलगा वयात आला की बाहेर पाठवायचा आणि मुलगी वयात आली की आत घ्यायची, हे दोन्ही संस्कारांचं सार. न्हाण गेलं याचं मला जराही दुःख नाही. पण त्या जागी आपण काय आणलं? सॅनिटरी पॅडचं पाकीट आणि ‘आता जरा जपून राहा’ हे वाक्य.

मानववंशशास्त्रात अशा विधींचे तीन टप्पे सांगतात : माणसाला नेहमीच्या घोळक्यातून वेगळं काढायचं, काही काळ ना इकडे ना तिकडे असं ठेवायचं, आणि मग नव्या दर्जासह परत घ्यायचं. आपल्या समारंभांतून पहिला आणि तिसरा टप्पा शाबूत आहे; आमंत्रणं, फोटो, आहेर, सगळं आहे. मधला टप्पा गायब आहे. ज्यात पोटात गोळा येतो तो हाच.

विदर्भात मात्र हा मधला टप्पा चालत करण्याची रीत अजून जिवंत आहे, आणि ती आपण सुशिक्षितांनी कधी मोजलीच नाही. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन मध्य प्रदेशात पचमढीजवळच्या चौरागडाच्या पायऱ्या चढणारी माणसं बघा. त्यांत आपल्याकडचे किती असतात! त्याहून अवघड तिथलीच नागद्वारची यात्रा. नागपंचमीच्या आधीचे थोडे दिवस ही वाट उघडते, एरवी ती सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात बंद असते. त्या दिवसांत गणेशपेठच्या बसस्थानकावर पचमढीच्या जादा गाड्या लागतात. भर पावसात धूपगडाच्या बाजूनं उतरायचं, काजळी, पद्मशेषाची गुहा, चित्रशाळा, चिंतामणी, स्वर्गद्वार अशी ठिकाणं करत, निसरड्या दगडांवरून आणि लोखंडी शिड्यांवरून जायचं. जागोजागी नागपूर-अमरावतीकडच्या मंडळांचे भंडारे. जुन्या नागपुरातल्या कितीतरी पोट्ट्यांना त्यांच्या बापानं पहिलं जंगल दाखवलं ते असं, ‘हर बोला हर हर महादेव’च्या गजरात. परत आलेला पोरगा वस्तीत जरा ताठ चालतो. ‘नागद्वार करून आला’ म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.

पण नागद्वारलाही एक उणीव आहे. तिथं वाट चुकायची सोयच नाही. पुढे माणूस, मागे माणूस, गर्दीच तुम्हाला नेते. दम लागतो, पाय सोलून निघतात, पण ‘आता काय करायचं’ हा प्रश्न पोरावर कधी येत नाही. प्लॅस्टिकचं काय होतं ते तर विचारूच नका.

अमेरिकेत या गोष्टीची दुसरी तऱ्हा आहे. तिथं बाप आणि मुलगा, आई आणि मुलगी पाठीवर तंबू-शिधा बांधून आठ-आठ दिवस डोंगरात चालतात. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या रांगेतून जाणारी जॉन म्यूर ट्रेल सुमारे ३४० किलोमीटरची आहे आणि ती ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीवर संपते. चालायला आधी परवाना काढावा लागतो. अस्वलाला उघडता येणार नाही अशा कडक डब्यात खाणं भरून ते वाहावं लागतं, आणि डबा तंबूपासून दूर ठेवायचा असतो. तो डबा रात्री नीट बंद केला की नाही हे बघायचं काम बारा वर्षांच्या पोरावर सोपवता येतं. चुकलं तर दुसऱ्या दिवशी सगळे उपाशी. मला या प्रकारातलं हेच आवडतं. निसर्गाचं कौतुक नंतर.

तिथला १९६४ चा वाइल्डरनेस अ‍ॅक्ट घोषित रानात मोटारगाड्यांना बंदी घालतो. आत जायचं तर पायी, नाहीतर घोड्यावर. आपल्याकडे बरोब्बर उलट आहे. राष्ट्रीय उद्यानात आणि व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पायी माणूस गुन्हेगार, आणि सफारीच्या उघड्या जिप्सीतला माणूस पाहुणा. पेंच, उमरेड-करांडला, बोर, ताडोबा, सगळीकडे नागपूरकर बसूनच जातो. गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, म्हणजे बफरमध्ये, कुठे कुठे छोट्या निसर्गवाटा आहेत, पण त्या कुणाच्या खिजगणतीत नाहीत. पैसा, जाहिरात आणि पोरांची हौस, तिन्ही गोष्टी जिप्सीभोवती फिरतात.

त्या जिप्सीत मूल काय शिकतं? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवून धरली. चित्रफिती पसरल्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली. त्यांचं चुकलंच. पण मागच्या सीटवरून ‘और आगे लो भैया’ म्हणणारे कोण होते? त्यांच्या मांडीवर पोरं असतात. जंगल म्हणजे पैसे भरून दाखवायला लावायची गोष्ट, आणि वाघ दिसला नाही तर फेरी फुकट गेली, हा धडा ती पोरं तिथं पाठ करतात. सगळ्याच सफारी वाईट असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्या आजी-आजोबांना दुसरा मार्ग काय आहे? पण धडधाकट तेरा वर्षांच्या पोराला गाडीत बसवून रान दाखवणं मला पटत नाही.

आता खरा आक्षेप. आमच्याकडे वाघ आहे बाई, अमेरिकेतला मध चाटणारा काळा अस्वल नव्हे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ जंगलाच्या हद्दीत मावत नाहीत. दर उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला, तेंदूपाने तोडायला गेलेली माणसं मारली जातात, आणि त्यांत बायका पुष्कळ असतात, कारण वाकून वेचायचं काम त्यांचं. अशा वेळी शहरातल्या बाईनं ‘मुलांना जंगलात पायी न्या’ म्हणणं सिंदेवाहीच्या एखाद्या आईला कसं वाटेल? तिची पोरगी आठव्या वर्षापासून तिच्यासोबत रानात जाते, कारण त्याशिवाय शाळेचा खर्च निघत नाही. तिच्यासाठी जंगलातली वाट हा संस्कार नाही, मजुरी आहे, आणि तिला घरी बसता आलं तर ती आनंदानं बसेल. हे डोळ्यांआड करून जंगलाचं गुणगान करणाऱ्यांचा मला राग येतो.

म्हणूनच जागा आणि हंगाम दोन्ही पारखून घ्यायचं. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या बाजूला नको, हे उघड आहे. मार्च-एप्रिल नको, पहाटे मोहाखाली अस्वल असतं, आणि पोटभर मोह खाल्लेल्या अस्वलाला माणूस एकदम समोर आलेला खपत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्यांचे दिवस, तेही नको. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बरा : गवत वाळून बसायला लागतं, नजर दूरवर जाते, ओढ्यात कुठे कुठे पाणी असतं. वाटाड्या गावचाच हवा. पहाटे आणि तिन्हीसांजेला चालायचं नाही. एवढं पाळलं की धोका शून्य होतो असं नाही. पण मनीषनगर ते धरमपेठ हा रस्ता रोज अ‍ॅक्टिव्हावर काटणाऱ्या, परवाना नसलेल्या पोराचा धोका आपण कधी मोजला आहे का? वर्धा रोडचे ट्रक आपल्याला सवयीचे झालेत म्हणून ते वाघापेक्षा गरीब ठरत नाहीत.

एका हिवाळ्यात मी माझ्या मुलीला घेऊन पारशिवनीच्या पुढे, व्याघ्र प्रकल्पाबाहेरच्या रानात, परवानगी काढून आणि गावातला एक वाटाड्या घेऊन गेले होते. ठरलं होतं असं की दुपारी जेवण झाल्यावर पुढे ती राहील, आम्ही दोघं मागे, आणि वाटाड्यानं जिवावरचं काही असेल तरच बोलायचं. तो पहिल्यांदा हसला. “मॅडम, पोरीले काय समजन?” पण कबूल झाला.

एका कोरड्या नाल्याशी वाट फुटली. उजवीकडे बैलगाडीची जुनी चाकोरी, डावीकडे खाली उतरणारी जनावरांची पायवट. पायवट सोपी दिसत होती, सावलीही होती. तिच्या तोंडाशीच विष्ठा पडलेली, बोरांच्या बियांनी गच्च भरलेली. पोरगी उकिडवी बसली. काडीनं तिनं ती उलटवली. वरून सुकलेली, आतून ओली. “काका, अस्वल?” वाटाड्यानं नुसती मान हलवली. ती उठून खाली पाहायला लागली. पायवट जिकडे जात होती तिकडे बोरीची दाट जाळी होती. तिला हे जुळवायला बराच वेळ लागला. मला ते पहिल्याच नजरेत दिसलं होतं आणि जीभ दातांखाली धरून उभं राहणं ही माझी त्या दिवसाची खरी कसरत होती. “वरून जाऊ,” ती म्हणाली. वर ऊन होतं, सागाची पानं गळून वाटेत पडलेली, प्रत्येक पावलाला पापड मोडल्यासारखा आवाज. तीच म्हणाली, “बरं आहे, त्याला ऐकू येईल आपण आलो ते.” हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे साडेतीनच्या सुमाराला ती थांबली. जिथं पोहोचायचं होतं तो तलाव एका टेकडीपलीकडे राहिला होता, आणि तो मला बघायचा होता; त्यासाठीच तर एवढी पायपीट. ती म्हणाली, “आई, वळायचं आता. साडेपाचला अंधार पडतो.” मी म्हटलं, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. ती म्हणाली, “जायला दहा, यायला दहा, आणि तू तिथे बसशील.” वाटाड्या दुसरीकडे बघत होता. आम्ही वळलो. तिला फार काही मिळवल्यासारखं वाटलं असेल तर तसं दिसलं नाही. तिनं फल्लीदाण्यांची पुडी मागितली आणि गावाच्या वेशीपर्यंत ती एकटीनंच संपवली.

घरी आल्यावर चमत्कार वगैरे काही झाला नाही. खोली तशीच पसरलेली, मोबाइल तसाच हातात. सिताबर्डीहून ‘आपली बस’ तिला एकटीला धरू द्यायची की नाही यावर घरात वर्षभर चाललेला वाद मात्र मिटला. तो मीच मागे घेतला.

म्हणून मला वाटतं, या संस्कारात चालणं, थकणं, आकाश बघणं हे सगळं दुय्यम आहे. मुलानं निर्णय घेतला आणि मोठ्यानं तो ऐकला, हे घडलं तरच काही घडलं. पोराला पुढे घालून मागून ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडत राहायचं असेल तर त्यापेक्षा फुटाळा तलावावर कणीस खाल्लेलं बरं. आई-बापांना हे फार जड जातं, विशेषतः ज्या घरात पोराची शाखा, क्लास आणि पुढची चार वर्षं सातवीतच ठरलेली असतात. नीटच्या गुणांवरून घराची इज्जत मोजणाऱ्या पिढीला पोराच्या सांगण्यावरून टेकडीखालून परत फिरता येईल का, याबद्दल मी साशंक आहे. कॉर्पोरेट टीम-बिल्डिंगवाल्यांनी याचं उद्या ‘बाप-लेक अ‍ॅडव्हेंचर पॅकेज’ करायला वेळ लागणार नाही. टी-शर्ट, कॅम्पफायर, शेवटी प्रमाणपत्र. तेव्हा तर पुढे पोरही नसेल आणि बापही, शिट्टीवाला असेल.

आणखी एक अडचण खरीच आहे. आठवड्याची एकच सुट्टी, तीही हक्काची नाही, अशा घरातलं मूल कोण नेणार? एकट्या आईचं मूल? बाप दारूत गेलेल्या घरातलं? माझं उत्तर अर्धवट आहे. मामा नेऊ शकतो, मावशी नेऊ शकते, शेजारचा निवृत्त काका नेऊ शकतो. कुणातरी एका मोठ्या माणसानं एका पोरामागे चालायचं आहे. शाळेनं पन्नास पोरांना रांगेत नेलं तर ती सहल होते. सहलीही हव्यात, पण त्यानं हे भागत नाही.

सरकारनं काय करावं, तर फार थोडं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाचा परवाना देण्याच्या कारणांत अभ्यास, छायाचित्रण आणि संशोधनासोबत पर्यटनही आहे. गाडीतच बसा, असं कलम म्हणत नाही. सीमेपलीकडे मध्य प्रदेशानं सातपुडा व्याघ्र प्रकल्पात गाइडसोबत पायी सफारी चालवून दाखवली आहे, आणि तिथंही वाघ आहेत. पेंचच्या महाराष्ट्राकडच्या जंगलाला २०२४ च्या सुरुवातीला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे वाघापलीकडे काही दाखवायची बुद्धी आपल्या वनखात्याला होते. त्याच खात्यानं गाभ्याला हात न लावता, बफरमध्ये आणि प्रादेशिक विभागांच्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाबाहेरच्या, जंगलात, हिवाळ्यापुरत्या चार-दोन वाटा ठरवाव्यात. एका वाटेवर दिवसाला एक-दोन जोड्या, एक मोठा आणि एक लहान, सोबत गावचा वाटाड्या. गाडी नाही, स्पीकर नाही. जिप्सीचं भाडं हजारांत जातं आणि त्यातला मोठा वाटा गाडीवाल्याला जातो. इथं जो काही पैसा जाईल तो चालणाऱ्या पायांना.

खात्याची वाट बघायची नसेल तर वनहक्क कायदा २००६ नंतर दुसरं दारही आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि त्यानंतर पूर्व विदर्भातल्या अनेक गावांनी. तिथं पहिला शब्द ग्रामसभेचा. नागपूरच्या आई-बापांनी रिसॉर्टच्या वेबसाइटवर जाण्याऐवजी तिथं जाऊन विचारावं. ग्रामसभा नाही म्हणाली तर दुसरं गाव. वाटाड्याची मजुरी त्यांनी ठरवायची, कोणत्या बाजूला पाय टाकायचा नाही हे त्यांनी सांगायचं, आणि तेंदूच्या हंगामात आमच्या डोक्यावर येऊ नका असं ते म्हणाले तर शाळेला मे महिन्याचीच सुट्टी आहे म्हणून हट्ट धरायचा नाही. नाताळची सुट्टी पुरते, आणि तेव्हा बोरंही पिकलेली असतात.